कामावर जाण्यासाठी कार की सायकल: वर्षाचा खरा हिशोब कसा मांडावा?

प्रश्न: चार_वजा_दोन

नमस्कार. शीर्षकातील सायकल म्हणजे पायडल मारायची सायकल. बोलताना आपण मोटारसायकललाही सर्रास बाइक म्हणतो, म्हणून तो शब्द मुद्दाम टाळला आहे.

माझे कामाचे ठिकाण घरापासून ९ किलोमीटरवर आहे. वर्षातले २३० दिवस मी कारने जाते-येते, म्हणजे कामापायी ४,१४० किलोमीटर होतात आणि इतर फिरणे धरून कार वर्षाला साधारण ८,००० किलोमीटर चालते. ती लिटरमागे १२ किलोमीटर देते, त्या हिशोबाने कामाच्या वाटेवर वर्षाला ३४५ लिटर पेट्रोल जळते. सायकल घ्यावी असे बरेच दिवस मनात आहे आणि घरात त्यावरून दोन तट पडले आहेत. एका बाजूचे म्हणणे असे की तेवढ्या पेट्रोलचे पैसे वाचले तर दीड-दोन वर्षांत सायकल फुकटात पडेल. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की कार दारात उभी राहूनही पैसे खातच राहणार, मग तिच्या खर्चात सायकलच्या खर्चाची भर कशासाठी घालायची? मला दोन्ही म्हणणी पटतात आणि तीच अडचण आहे.

येथे निरनिराळ्या देशांतले सभासद आहेत, तेव्हा चलन बाजूला ठेवून मी माझ्या कारची खरेदीची किंमत १,००० एकके धरते आणि बाकीचे आकडे जुन्या पावत्या काढून त्याच प्रमाणात देते. पेट्रोल वर्षाला ६७ एकके, त्यांपैकी कामाच्या वाटेवरचे ३५. विमा आणि कर मिळून ३५, सर्व्हिसिंग व दुरुस्ती सरासरी २५, टायर ५, आणि कामाच्या ठिकाणी गाडी लावण्याच्या मासिक पासाचे वर्षाचे २४. कारला तीन वर्षे झाली असून तिच्यावर कर्ज नाही. जी सायकल पाहून ठेवली आहे ती ४० एककांची आहे आणि हेल्मेट, दिवे, कुलूप, मडगार्ड व पावसाळी कपडे यांना आणखी १५ लागतील. या मांडणीत माझे काय सुटले आहे, आणि अखेर कोणत्या दोन आकड्यांची तुलना करायची, हे अनुभवी सभासदांनी सांगावे.

उत्तर: वहीखाते

तुमच्या यादीतून सर्वांत मोठी रक्कमच सुटली आहे, आणि ती सुटते याचे कारण तिची पावती कोणी देत नाही. ती रक्कम म्हणजे घसारा, म्हणजेच गाडी जुनी होत जाताना तिची उतरत जाणारी किंमत. २०२० साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात जर्मनीतील कारमालकांच्या पाहणीवर एक लेख आला होता. कारवर होणारा एकूण खर्च लोक प्रत्यक्षाच्या जवळजवळ निम्माच धरतात, असे त्यात दिसले. इंधनाचा अंदाज बऱ्यापैकी बरोबर येतो, कारण पंपावर दर आठवड्याला पैसे मोजावे लागतात, पण घसारा, दुरुस्ती, कर आणि विमा यांचा विसर पडतो. तुम्ही कर आणि विमा तरी लिहिलात, त्याअर्थी तुम्ही सरासरी कारमालकाच्या पुष्कळ पुढे आहात.

कारची किंमत दर वर्षी शिल्लक किमतीच्या १५ टक्क्यांनी उतरते असे धरू. नवी गाडी पहिल्या वर्षात बहुधा याहून जास्त उतरते, पण तुमचे ते वर्ष मागे पडले आहे. तीन वर्षांनंतर आज १,००० चे ६१४ राहिले. जे ३८६ गेले ते गेलेच. आजचा निर्णय घेताना ते हिशोबात आणू नयेत. कार आणखी पाच वर्षे ठेवली तर ती २७२ वर येईल, म्हणजे यापुढे वर्षाला सरासरी ६८ एकके झिजतील. शिवाय गाडीत अडकलेल्या पैशाला व्याज मिळत नाही. पाच वर्षांत सरासरी ४४३ एकके अडकलेली राहतील, त्यावर ६ टक्के धरले तर २७. कर्ज नाही म्हणून व्याजाचा खर्च नाही, ही समजूत येथे चुकते.

आता बेरीज करू. घसारा ६८, बुडालेले व्याज २७, पेट्रोल ६७, विमा व कर ३५, दुरुस्ती २५, टायर ५, पार्किंग २४, एकूण २५१. ज्या पेट्रोलवरून घरात वाद चालला आहे ते या रकमेच्या चौथ्या हिश्श्याहून थोडेसेच जास्त आहे. किलोमीटरच्या प्रमाणात वाटणी केली आणि पार्किंग सगळे कामाच्या माथी मारले, तर कामावर जाण्यायेण्याचा वाटा १४१ एकके येतो. सायकलच्या बाजूने बोलणारी मंडळी हाच आकडा पुढे करतात.

परंतु तो आकडा तुमच्या प्रश्नाचे उत्तर नव्हे. सायकल घेतल्यावर कार दारात राहणार असेल, तर या १४१ पैकी खरोखर थांबणारे खर्च कोणते, एवढेच पाहायचे. पेट्रोलचे ३५ थांबतील. टायर आणि साधारण निम्मे सर्व्हिसिंग धावण्यावर अवलंबून असते, त्यातले कामाच्या वाट्याचे ९ थांबतील. कमी धावलेल्या गाडीला विकताना थोडी अधिक किंमत येते, त्याचे वर्षाला ५ धरा, कारण घसारा मुख्यतः वयाने होतो आणि किलोमीटरने त्या मानाने थोडा. पार्किंगचा पास बंद केलात तर २४. एकूण ७३, म्हणजे १४१ च्या निम्म्याहून किंचित जास्त. विमा, कर, वयाचा घसारा आणि बुडालेले व्याज हे चौघे गाडी हलली काय आणि न हलली काय, आपला वाटा घेतच राहतात. तुमच्या घरातील दुसरी बाजू याच खर्चांबद्दल बोलत आहे आणि तेवढ्यापुरती ती बरोबर आहे.

सायकलच्या बाजूचाही हिशोब तितकाच कठोरपणे करायला हवा. मुसळधार पाऊस, आजारपण, सामान न्यायचे दिवस असे वर्षाला ४० दिवस वगळून १९० दिवस सायकल धरू, म्हणजे ३,४२० किलोमीटर. सायकल आठ वर्षे टिकली तर वर्षाला ५, कपडे-दिवे-कुलूप चार वर्षे टिकले तर ४, झीज व दुरुस्ती ६, चोरीचा विमा ३. वाढीव खाण्याचे ६ धरतो. हे गमतीने लिहिलेले नाही. मध्यम वेगाने किलोमीटरला साधारण २५ किलोकॅलरी लागतात, त्यामुळे रोजच्या १८ किलोमीटरना ४५० होतात आणि ते कोठून तरी यावेच लागते. घरचे जेवण थोडे वाढले तर खर्च क्षुल्लक असतो, रोज वाटेत खाऊचे पाकीट फोडले तर मात्र हा आकडा दुप्पट-तिप्पट होतो. एकूण २४. उरलेल्या ४० दिवसांत कार न्याल त्याचे साडेआठ, आणि पावसाचे तीन महिने पास चालू ठेवलात तर त्याचे ६. सगळे मिळून ३९ च्या आसपास.

म्हणजे कार ठेवून सायकल चालवली तर वर्षाला ३४ एकके वाचतात, आणि सायकलचा स्वतःचा घसारा या ३९ मध्ये आधीच धरलेला आहे. सुरुवातीचे ५५ केव्हा वसूल होतील एवढेच पाहायचे असेल तर तो घसारा बाजूला काढावा लागतो आणि मग वर्षाला ४३ हाती राहतात, म्हणून साधारण सव्वा वर्ष. यातले १८ केवळ पास बंद केल्यामुळे आले आहेत. पास महिन्याच्या हिशोबानेच मिळतो आणि 'एखाद्या दिवशी लागेल' म्हणून लोक तो चालूच ठेवतात. तसे केलेत तर सव्वाची सव्वादोन वर्षे होतील.

खरी तफावत पडते ती कार विकली तर. तेव्हा २५१ च्या २५१ थांबतात आणि ६१४ हातात येतात. सायकलचे २४ वजा करता २२७ उरतात, आणि त्यांत कामाचे ४० दिवस आणि इतर फिरणे मिळून ४,५८० किलोमीटर दुसऱ्या वाहनांनी भागवायचे आहेत. म्हणजे बस, रेल्वे, भाड्याची गाडी यांवर तुम्ही आज पेट्रोलवर करता त्याच्या जवळजवळ सहापट खर्च दर किलोमीटरला केलात, तरी तोटा होत नाही. लोक टॅक्सीच्या भाड्याची तुलना नुसत्या पेट्रोलशी करतात आणि टॅक्सी महाग ठरवतात. ती तुलना मुळातच चुकीची आहे.

उत्तर: आऊट_काढणारा

वहीखाते यांनी झीज व दुरुस्तीला ६ एकके एका ओळीत उरकली, त्यावर थोडे सविस्तर लिहितो, कारण सायकल स्वस्त पडते की महाग हे बरेचसे याच ओळीत ठरते आणि ते मालकाच्या हातात असते.

सायकलची चेन ही मेणबत्तीसारखी झिजायचीच वस्तू आहे. रोजच्या वापरात, धूळ-चिखलाच्या मानाने, दोन ते पाच हजार किलोमीटरांत ती बदलावी लागते. ती ताणली जाते असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात तिच्या पिना आणि बुशिंग झिजतात, आणि प्रत्येक कडीतली केसभर ढिलाई साचून संपूर्ण चेन लांब होते. ही लांबी घरी साध्या पोलादी पट्टीने मोजता येते. चेनच्या दोन पिनांमधले अंतर अर्धा इंच असते, म्हणून २४ अंतरांची लांबी नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंच भरते. पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर धरून चोविसावी पुढची पिन कोठे येते ते पाहावे. ती १२ इंचांच्या रेघेपुढे १/१६ इंच गेली असेल तर नुसती चेन बदलून भागते. पिन १/८ इंच पुढे गेल्यावर जाग आली, तर त्या लांबलेल्या चेनने फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्राचे, दातही आपल्या मापाने झिजवून ठेवलेले असतात. नवी चेन त्यावर बसवली की जोर लावताच ती दातांवरून उड्या मारते आणि मग दोन्ही बदलावी लागतात. माझ्या पहिल्या सायकलवर मी चेन 'अजून चालते आहे' म्हणून ओढत राहिलो आणि शेवटी चेन, फ्रीव्हील व पुढच्या चकत्या अशा तिन्हींचे पैसे एकदम भरले. त्यानंतर चेनच्या डबीतच एक पट्टी ठेवली आहे.

टायरचे आयुष्य ३ ते ८ हजार किलोमीटर असते, आणि मागचा टायर पुढच्याच्या आधी जातो, कारण वजन आणि ओढ दोन्ही त्याच्यावर असतात. ब्रेक शू वर्षाला एकदा, ब्रेकच्या केबल दोन-तीन वर्षांनी, बेअरिंगना वर्षातून एकदा ग्रीस, आणि चाकाचा आऊट काढणे, म्हणजे डगमगणारे चाक सरळ करणे, हे स्वतः शिकलात तर खर्च जवळपास निम्म्यावर येतो. पंक्चर काढणे आणि हवा भरणे तर शिकायलाच हवे. आठवड्यातून एकदा पंप मारणे यापेक्षा जास्त परतावा देणारे काम सायकलच्या जगात नाही. कमी हवेवर टायरची बाजू चिरते, ट्यूब खड्ड्यात रिमशी दाबून फुटते आणि पायांना फुकटचा भार पडतो.

एक दुरुस्ती तुमच्या पेट्रोलच्या आकड्यातही हवी. १२ ही तुमची सर्व प्रवासांची सरासरी दिसते. सकाळी थंड इंजिन चालू केले की पहिले काही किलोमीटर ते जास्त पेट्रोल पिते, आणि ९ किलोमीटरच्या वाटेत तो थंडपणाचा भाग बराच मोठा असतो. लांबच्या प्रवासात तो पसरून जातो, इथे जात नाही. शिवाय अशा छोट्या खेपांत इंजिन ऑइल पुरते तापत नाही, त्यातले पाणी उडून जात नाही आणि बॅटरीही धड चार्ज होत नाही. एक महिना टाकी पूर्ण भरून केवळ कामावर जाण्यायेण्यासाठी गाडी वापरा आणि मग भागाकार करा. १२ पेक्षा कमीच निघेल, आणि तेवढी सायकलची बाजू जड होईल.

उत्तर: समोरचा_वारा

वरील दोन्ही उत्तरांत वेळेचा उल्लेख नाही याचे नवल वाटले. कामाला जाणाऱ्या माणसाजवळ पैशापेक्षाही वेळ कमी असतो.

तुमच्या वाटेवर कारचा सरासरी वेग ताशी २५ किलोमीटर धरला तर ९ किलोमीटरना बावीस मिनिटे, गाडी लावून दारापर्यंत चालत येण्याची आठ, अशी तीस मिनिटे होतात. सायकलचा वेग सिग्नल धरून ताशी १५, म्हणजे छत्तीस मिनिटे, आणि हात-तोंड धुऊन कपडे बदलायला सात, अशी त्रेचाळीस. एका फेरीला तेरा मिनिटांचा, म्हणून दिवसाला सव्वीस मिनिटांचा फरक पडतो आणि १९० दिवसांत तो ८२ तासांवर जातो. हा खर्च खरा आहे, आणि तो लपवून सायकलचा प्रचार करणारे सायकलचेच नुकसान करतात. त्यात वाऱ्याचा दिवस वेगळा धरा. समोरून ताशी १५ चा वारा असताना तुम्हीही १५ नेच गेलात, तर अंगावर येणारी हवा ३० ची होते आणि तिचा विरोध चौपट होतो. अशा संध्याकाळी छत्तीस मिनिटांची पन्नास सहज होतात. मी हे सभासदनाव उगाच घेतलेले नाही.

आता जमेची बाजू. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आहे. तुमची रोजची सायकल ७२ मिनिटांची आहे, म्हणजे किमान मर्यादा तिसऱ्या दिवशीच ओलांडली जाते. आज तुम्ही व्यायामासाठी वेगळे तीन तास आठवड्याला देत असाल आणि ते सायकलमुळे सुटणार असतील, तर चाळीस आठवड्यांत १२० तास परत मिळतात आणि ८२ तासांचा तोटा भरून निघतो. तो व्यायाम तुम्ही आवडीने करत असाल आणि सोडणार नसाल, तर मात्र ते तास जमेला धरू नका.

याच संदर्भात इव्हान इलिच या विचारवंताने १९७० च्या दशकात केलेला एक हिशोब सांगण्यासारखा आहे. अमेरिकेतला सामान्य पुरुष गाडी चालवण्यात आणि तिचे पैसे भरण्यासाठी राबण्यात मिळून वर्षाला १,६०० तास घालवतो आणि ७,५०० मैल, म्हणजे सुमारे १२,००० किलोमीटर जातो, असे त्याने मांडले. भागाकार केला तर ताशी साडेसात किलोमीटर येतात. तीच रीत तुमच्या आकड्यांना लावून पाहू. वर्षाचा हाती येणारा पगार ९०० एकके आणि कामाचे तास २,००० धरले, तर तासाला ०.४५ एकक पडते. कारचे २५१ फेडायला ५५८ तास काम करावे लागते, ८,००० किलोमीटर चालवायला ३२० तास, मिळून ८७८. म्हणजे कारचा खरा वेग ताशी ९.१ किलोमीटर. सायकलचे २४ फेडायला ५३ तास, ३,४२० किलोमीटर चालवायला २२८, कपडे बदलायला ४४, मिळून ३२५. म्हणून ताशी साडेदहा. पगाराचा आकडा माझा गृहीत आहे, तुमचा खरा घालून पुन्हा करा. पगार जितका कमी, तितकी कार मंद होते.

उत्तर: वहीखाते

इलिचचा हिशोब मला आवडतो, पण त्यात तीच गफलत शिरते जिच्याबद्दल मी वर लिहिले. ५५८ तासांची मोकळीक कार विकल्यावरच मिळते. कार ठेवून सायकल चालवली तर वाचलेल्या ३४ एककांचे सुमारे ७६ तास होतात, आणि ते तुम्हीच दाखवलेल्या ८२ तासांत सगळेच खर्ची पडतात. तेव्हा कार ठेवणाऱ्याने पैशाच्या आशेने सायकलकडे वळू नये. व्यायामासाठी, मोकळ्या हवेसाठी किंवा पार्किंग शोधण्याच्या मनस्तापातून सुटण्यासाठी अवश्य वळावे.

उत्तर: सावकाश_चला

मी सहा वर्षे सायकलने कामावर जाते आणि एका खर्चाबद्दल लिहिणे माझे कर्तव्य समजते. तिसऱ्या वर्षी, रस्ता नुकताच भिजलेला असताना, एका लोखंडी झाकणावर वळण घेताना पुढचे चाक सरकले आणि मी उजव्या खांद्यावर पडले. वेग ताशी बारा-तेराहून जास्त नव्हता. गळपट्टीचे हाड मोडले. उपचाराचा बराचसा भाग आरोग्य विम्यातून निघाला, पण तीन आठवडे काम बुडाले, दीड महिना टॅक्सीने जावे लागले आणि नंतर खांदा मोकळा करण्याच्या व्यायामासाठी खेटे घालावे लागले ते वेगळेच. ज्या वर्षाचा सायकलखर्च मी वहीत सर्वांत कमी लिहिला होता, तेच वर्ष माझे सर्वांत महाग ठरले.

कारमध्ये माणसाभोवती पत्रा आणि पट्टा असतो, आणि झालेल्या नुकसानीची भरपाई करणारा विमा कारबरोबर येतो. सायकलस्वाराजवळ यांपैकी काहीच आपसूक येत नाही. वहीखाते यांनी चोरीचा विमा धरला, पण अपघाताचा धरला नाही. वर्षाला दोन-तीन एकके त्यासाठी ठेवावीत, आणि आपल्याकडून दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई देणारे संरक्षण आपल्या घराच्या विम्यात आहे का तेही पाहून घ्यावे. मी सायकल सोडली नाही. मात्र आता भिजल्या रस्त्यावर लोखंडी झाकणे, रूळ आणि रंगवलेले पट्टे सरळ रेषेत ओलांडते, आणि पहिल्या पावसाचा दिवस त्या चाळीस दिवसांत घालते.

रस्ता कसा आहे हे प्रश्नकर्तीने लिहिलेले नाही. माझ्या मते हिशोबाच्याही आधी तो प्रश्न येतो. नऊ किलोमीटरांपैकी दोन किलोमीटर जरी भरधाव अवजड वाहनांना खेटून जायचे असतील, तर लांबचा पण शांत रस्ता धरावा आणि वेळेचा आकडा नव्याने मांडावा.

उत्तर: अर्धे_पाय_अर्धी_वीज

विजेवर चालणाऱ्या सायकलचा उल्लेख झाला नाही म्हणून थोडक्यात लिहितो. समोरच्या वाऱ्याची आणि कपडे बदलण्याची दोन्ही दुखणी तिने बरीच कमी होतात. वीज हा तिच्या हिशोबातला नगण्य भाग आहे. किलोमीटरला साधारण १० वॉट-तास धरले तर ३,४२० किलोमीटरना वर्षाला ३४ युनिट लागतात. तुलनेसाठी, एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिटइतकी ऊर्जा असते, म्हणजे तुमचे ३४५ लिटर ३,१०० युनिटच्या घरात जातात.

खर्च आहे तो बॅटरीचा. ५०० वॉट-तासांची बॅटरी एका चार्जिंगमध्ये ४०-५० किलोमीटर नेते. ५०० पूर्ण चार्जिंगनंतर तिची क्षमता लक्षात येण्याइतकी उतरते असे धरले, तर २०,००० किलोमीटर मिळतात, तुमच्या वापराने जवळपास सहा वर्षे. न वापरताही बॅटरी वयाने म्हातारी होतच असते. म्हणून खरेदी करतानाच नव्या बॅटरीची किंमत विचारा, तिला सहाने भागा आणि तो आकडा वार्षिक खर्चात घाला. आणखी एक, या सायकली जड आणि जोरकस असल्यामुळे चेन व ब्रेक शू लवकर झिजतात.

उत्तर: आऊट_काढणारा

विजेची घ्या किंवा साधी घ्या, पण आज काहीच घेऊ नका. घरात किंवा नात्यात एखादी जुनी सायकल पडलेली असेलच. ती दुरुस्त करून दोन महिने तीवरून जा. १९० दिवसांचा आकडा वहीखाते यांनी उदार मनाने दिला आहे. माझ्या ओळखीच्या कित्येकांचा तो पहिल्या वर्षी ६० वर थांबला. ६० दिवसच चालली तर ४० एककांच्या सायकलचा घसारा आणि चोरीचा विमा तेवढेच राहतात आणि बचत मात्र तिसऱ्या हिश्श्यावर येते. आपला खरा आकडा कळल्याखेरीज सगळी गणिते हवेतली आहेत.

प्रश्नकर्ती: चार_वजा_दोन

सर्वांचे मनापासून आभार. दोन्ही बाजूंचे म्हणणे मला का पटत होते ते आता उमगले. एक बाजू थांबणाऱ्या खर्चाबद्दल बोलत होती आणि दुसरी न थांबणाऱ्या. कार सध्या विकता येणार नाही, कारण घरात एका ज्येष्ठ व्यक्तीला वरचेवर तपासणीसाठी न्यावे लागते. तेव्हा १४१ चा आकडा मी खोडला आहे आणि ७३ चा ठेवला आहे. कार आठ वर्षांची झाली की तिच्या जागी दुसरी घ्यायची का, हा प्रश्न मात्र वहीत तारीख घालून लिहून ठेवला आहे, आणि त्या वेळी २२७ एककांत ४,५८० किलोमीटर बसतात का ते खऱ्या भाड्यांवरून तपासेन.

रस्त्याबद्दल: सरळ वाटेवर दीड किलोमीटर अवजड वाहनांचा रस्ता लागतो. काल कारने जाऊन मागच्या वस्तीतला रस्ता पाहिला. त्याने अंतर ९ चे सव्वादहा होते, म्हणजे एका फेरीला पाच मिनिटे वाढतात. ती मान्य आहेत.

नवी सायकल तूर्त घेत नाही. भावाची जुनी सायकल माळ्यावरून उतरवली, दोन्ही टायर बाजूने चिरलेले आहेत. आऊट_काढणारा यांनी सांगितल्याप्रमाणे पोलादी पट्टी लावून चेन मोजली. पट्टीचा शून्य दोनदा सरकला, तिसऱ्यांदा नीट धरला तेव्हा चोविसावी पिन बाराच्या रेघेपुढे १/८ इंचाला टेकलेली दिसली. म्हणून चेन आणि फ्रीव्हील दोन्ही, दोन टायर, दोन ट्यूब आणि ब्रेक शूंचा एक जोड एवढे लिहून ठेवले आहे. या महिन्याचा पार्किंगचा पास संपायला अकरा दिवस आहेत. त्याआधी सायकल चालती झाली तर पास पुढे वाढवणार नाही.

उत्तर: आऊट_काढणारा

फ्रीव्हील नेण्याआधी त्याचे दात मोजा आणि चेन कोणत्या रुंदीची आहे ते पाहून घ्या, नाहीतर दोन फेऱ्या होतील. टायरचे माप त्याच्या बाजूवर उमटवलेले असते, चिरलेल्या भागाखाली नसले तर. जुने टायर नवे बसेपर्यंत टाकू नका.